उन्हाळ्यात तान्ह्याची कार सीट
लग्नसराईत धुळ्याहून भुसावळला निघताना, बाळाला सीटमध्ये ठेवण्याआधी बकलच्या धातूला हात लावून बघा. मे महिन्यात इकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो; उन्हात उभ्या गाडीतलं बकल कोवळ्या मांडीला चटका देतं. गाडी उभी असेल तेव्हा सीटवर पांढरी चादर टाकून ठेवा.

बाळाखाली जाड दुपटं घालू नका, पट्टे सैल राहतात. खांद्याजवळचा पट्टा चिमटीत धरून पाहा. चिमटीत आला, तर अजून आवळा. तान्ह्याची सीट गाडीच्या मागच्या सीटवर बांधायची, बाळाचं तोंड मागच्या काचेकडे. जोरात ब्रेक लागला तर डोकं, मान, पाठ एकदम सावरली जाते. पुढे एअरबॅग असते, तिथे ही सीट नकोच.

आजी म्हणणारच, "दे माझ्याकडे, मांडीवर झोपेल." माया कितीही असो, धडकेत हात सुटतात. रडलं तर पारोळ्याला नाहीतर एरंडोलला थांबा, पाजा, पुन्हा बसवा. तसंही दर दोन तासांनी बाळाला सीटबाहेर काढायलाच हवं. आणि रसवंतीवर उतरलात तर बाळाला सोबत घ्या, काच खाली असली तरी गाडीत ठेवू नका.