स्कीम बदलते डिसेंबरात, पाय बदलतात कधी?

अमेरिकेत मास्टर्स करताना विद्यापीठाच्या फुटबॉल संघात व्हिडिओ आणि डेटाचं काम मिळू शकतं, हे इथे येईपर्यंत माझ्या गावीही नव्हतं. मी संख्याशास्त्राचा विद्यार्थी. व्हिडिओ विभागात शिरलो त्याच हिवाळ्यात संघाचा डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, म्हणजे बचावाची आखणी करणारा कोच, बदलला, आणि माझी पुढची सगळी उमेदवारी एकाच प्रश्नाभोवती फिरली: नवी स्कीम, म्हणजे खेळायची पद्धत, संघाच्या अंगवळणी पडायला किती वेळ लागतो? हल्ली नवीन आलेली मराठी मुलंमुली या कामाबद्दल विचारतात, त्यांच्यासाठी हे लिहितोय. फुटबॉल म्हणजे इथे अर्थातच हेल्मेटवाला, अमेरिकन.

आधी कॅलेंडर डोक्यात बसवा. वेळ बाहेरून वाटतो त्याच्या निम्माही नसतो. कोच बदलतात ते नोव्हेंबरअखेर ते जानेवारीच्या दरम्यान. मग हिवाळाभर व्यायाम आणि बैठका, त्याही आठवड्याला ८ तासांच्या मर्यादेत. वसंतात १५ सराव. ऑगस्टच्या कॅम्पमध्ये फार तर २५. म्हणजे नव्या कोचच्या हाताखाली एकूण फार तर ४० सराव झाले की संघ पहिला सामना खेळायला उतरतो. सीझन सुरू झाला की एनसीएए या कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेच्या नियमाप्रमाणे आठवड्याला २० तास आणि दिवसाला ४. त्यात सामन्याचा दिवस कितीही लांबला तरी ३ तासच मोजतात. आणि ही पोरं बाकीच्या वेळात वर्गात बसतात, परीक्षा देतात. टीव्हीवरचे तज्ज्ञ दुसऱ्या सामन्यानंतर 'अजून स्कीम कळलेली दिसत नाही' म्हणतात तेव्हा मला हा हिशेब त्यांच्यापुढे ठेवावासा वाटतो.

स्कीम शिकवतात ती तुकड्यातुकड्यांनी. पहिल्या दिवशी मूळ फ्रंट (पुढच्या फळीची मांडणी) आणि एक-दोन कव्हरेज (पास रोखायची आखणी), दुसऱ्या दिवशी एखादा ब्लिट्झ (जास्तीची माणसं पाठवून केलेला हल्ला), असं रोज थोडं थोडं. याला 'इन्स्टॉल' म्हणतात. वसंतात सगळे इन्स्टॉल झाले तरी ऑगस्टमध्ये पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते. सुरुवातीला दाखवायला आपल्या संघाचं फुटेजच नसतं, म्हणून खेळाडू कोचच्या आधीच्या विद्यापीठाच्या फिल्म बघतात: दुसऱ्याच रंगाच्या जर्सीतला कुणीतरी सेफ्टी (सर्वात मागचा बचावपटू), आणि 'ही तुझी जागा' म्हणून सांगणारा कोच. वसंताचा पहिला सराव संपला की आपल्याच पोरांच्या क्लिप्स हाती येतात आणि बैठकीचा नूरच बदलतो. त्या क्लिप्स लवकर आणि नीट कापून देणं हे तुमचं काम, आणि ते तुम्हाला वाटतं त्यापेक्षा महत्त्वाचं आहे.

नवख्याच्या वाट्याला पहिलं येतं ते टॅगिंग. प्रत्येक प्लेला, म्हणजे चालीला, डाउन (कितवा प्रयत्न), अंतर, हॅश (चेंडू मैदानाच्या रुंदीत कुठे), फॉर्मेशन (मांडणी), मोशन (चेंडू खेळात येण्याआधीची हालचाल), फ्रंट, कव्हरेज, निकाल असे रकाने भरायचे. कोऑर्डिनेटर बदलला की या रकान्यांतली भाषाच बदलते. काल ज्या कव्हरेजला आपण एका नावाने ओळखत होतो त्याला आज भलतंच नाव, आणि जुनं नाव आता दुसऱ्याच कशाला तरी. आमच्याकडे जुन्या दोन सीझन्सचा डेटा नव्या नावांत आणण्याचं काम विद्यार्थ्यांवर आलं. कंटाळवाणं होतं, पण स्कीम मला कळली ती तिथेच. तुमच्या काळात कोच बदलला तर हे काम मागून घ्या.

आता मूळ प्रश्न. बैठकीत फळ्यापुढे उभं केलं तर बहुतेक खेळाडू वसंताच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत बरोबर उत्तरं देतात. कोण कुठे, कुणाची जबाबदारी काय, मोशन झाला तर हाक कुणी द्यायची, सगळं पाठ. वॉक-थ्रूमध्ये, म्हणजे चालत चालत केलेल्या सरावातही चुका नसतात. मग पॅड चढवून पूर्ण वेगाने खेळायला लागले की तीच पोरं अडखळतात. आमच्या लाइनबॅकर्सना (बचावाची मधली फळी) जुन्या स्कीममध्ये समोरच्या गार्डकडे (प्रतिस्पर्ध्याच्या पुढच्या फळीतला खेळाडू) बघून हालचाल करायची सवय होती. नव्या कोचला त्यांची नजर रनिंग बॅकवर, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्यावर, हवी होती. ऐकायला क्षुल्लक बदल आहे. पण चार वर्षं गार्डवर खिळलेले डोळे सांगून हलत नाहीत.

हे मोजायचं कसं? मी एंड-झोनच्या, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या, कॅमेऱ्याचं फुटेज घेऊन स्नॅपपासून (चेंडू खेळात येतो तो क्षण) लाइनबॅकरच्या पहिल्या खऱ्या पावलापर्यंतच्या फ्रेम्स मोजायला लागलो. साधंच काम, सेकंदाला ६० फ्रेम्स, माऊसचं चाक फिरवत बसायचं. वसंतात आकडे वाढलेले होते, ऑगस्टमध्ये उतरले, आणि सीझनच्या सुरुवातीला पुन्हा वर गेले. मला वाटलं मोजण्यात काही गडबड असेल. व्हिडिओ विभागाच्या प्रमुखांनी फिल्म लावली आणि म्हणाले, "चेंडू बघू नकोस, स्नॅपच्या आधी समोरचे काय करतायत ते बघ." प्रतिस्पर्धी प्रत्येक प्लेआधी दोघंतिघं इकडून तिकडे हलवत होते. आमच्यापुढे असलं काही सरावात फारसं आलं नव्हतं, कारण सरावात समोर प्रतिस्पर्ध्याची नक्कल करत उभी राहणारी स्काउट टीम स्वतःच प्लेचं कार्ड बघून शिकत असते. मूळ स्कीम आली होती, तिचे अपवाद यायचे होते. सीझनच्या मध्यावर आकडे पुन्हा उतरले आणि मग फारसे चढले नाहीत.

म्हणून कुणी मला 'किती वेळ' विचारलं तर मी जागेनुसार उत्तर देतो. डिफेन्सिव्ह लाइनचं काम बहुधा सर्वात लवकर बसतं. कॉर्नरबॅकला (कडेच्या रिसीव्हरला रोखणारा) फार नवं शिकावं लागत नाही. सेफ्टींना वेळ लागतो, विशेषतः रिसीव्हरच्या, म्हणजे पास झेलणाऱ्याच्या, धावेनुसार जबाबदारी बदलणारी मॅच-कव्हरेज असेल तर. आणि सर्वात उशिरा तयार होते ती ऑफेन्सिव्ह लाइन, म्हणजे आक्रमणात पुढे उभं राहून अडवणारी फळी. पाच जणांनी कबड्डीतल्या साखळीसारखं एकत्र सरकायचं असतं. चौघांचं बरोबर आणि एकाचं पाऊल चुकलं तर प्ले मेलाच. क्वार्टरबॅकबद्दल, म्हणजे पास फेकणाऱ्याबद्दल, लोक जास्त बोलतात, पण त्याच्या पुढचे पाच जण तयार नसतील तर त्याला काय येतं हे कळायलाच वाव नसतो.

निकालांवरून मात्र सरसकट नियम काढता येत नाही. २०१९ मध्ये एलएसयूने (लुईझियाना स्टेट) न्यू ऑर्लिन्स सेंट्स या व्यावसायिक संघाकडून जो ब्रेडी यांना पासिंगचं तंत्र बदलायला आणलं. त्याच क्वार्टरबॅकची, जो बरोची, अचूकता एका वर्षात ५७.८ टक्क्यांवरून ७६.३ वर गेली, त्याने ६० टचडाउन पास टाकले, संघ १५-० (१५ विजय, एकही हार नाही) राहून राष्ट्रीय विजेता झाला. पण मुख्य कोच आणि कोऑर्डिनेटर तेच होते, हे विसरू नका. जोडणी बदलली होती, घर तेच होतं. ऑबर्न विद्यापीठाचा संघ २०१२ मध्ये ३-९ होता. २०१३ मध्ये गस माल्झान आले आणि संघ थेट राष्ट्रीय अंतिम सामन्यात. चमत्कार वाटतो, पण माल्झान २००९ ते २०११ तिथेच ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर होते. बरेचसे खेळाडू त्यांच्याच पद्धतीसाठी निवडलेले होते. मधलं एक वर्षच काय ते परकं.

उलट बाजू मिशिगनची. २००८ मध्ये रिच रॉड्रिगेझ यांनी पारंपरिक पद्धतीच्या संघावर स्प्रेड-ऑप्शन आणली, म्हणजे खेळाडू रुंद पसरवायचे आणि चेंडू कुणी न्यायचा ते क्वार्टरबॅकने ऐन वेळी ठरवायचं. रायन मॅलेटसारखा उंच, 'पॉकेट'मध्ये, म्हणजे लाइनमनच्या संरक्षणात, उभं राहून फेकणारा क्वार्टरबॅक आर्कान्सॉला निघून गेला. संघ ३-९, त्यात टोलीडोसारख्या छोट्या संघाकडून घरच्या मैदानावर १३-१० अशी हार. आणि याहून बोलकं उदाहरण जॉर्जिया टेकचं, जे मी नवीन मुलांना हमखास सांगतो. २००८ मध्ये पॉल जॉन्सन ट्रिपल ऑप्शन (मुख्यतः धावण्यावर चालणारी पद्धत) घेऊन आले तेव्हा पहिल्याच वर्षी ९ सामने जिंकले. ११ सीझन्सनंतर, २०१९ मध्ये त्यातून बाहेर पडताना मात्र संघ ३-९ झाला. त्या पद्धतीत टाइट एंड (लाइनच्या टोकाला उभा राहून अडवणारा आणि पासही झेलणारा) ही जागाच जवळपास नव्हती, त्यामुळे तसे खेळाडू भरतीच झाले नव्हते. लाइनमन हलके आणि चपळ निवडलेले, पुढे धावून आदळायला शिकवलेले. त्यांना आता मागे सरकत पास-प्रोटेक्शन द्यायचं होतं. सिटाडेल या लहान लष्करी कॉलेजने त्यांना ओव्हरटाइममध्ये २७-२४ हरवलं, आणि तेही ऑप्शन खेळूनच. बुद्धी सहा महिन्यांत नवं शिकते. वीस किलो वजन वाढवायला, तेही पाय न मंदावता, दोन-तीन हिवाळे लागतात.

पहिल्या सामन्यावरून तर काहीच ठरवू नका. २०२० साली माइक लीच मिसिसिपी स्टेटमध्ये 'एअर रेड', म्हणजे सतत पास टाकायची पद्धत, घेऊन आले. कोविडमुळे वसंतातले सराव झालेच नाहीत. तरीही पहिल्या सामन्यात गतविजेत्या एलएसयूला ४४-३४ हरवलं, क्वार्टरबॅक के. जे. कॉस्टेलोने ६२३ यार्ड फेकले, एसईसी या त्यांच्या लीगचा विक्रम. एअर रेडमध्ये प्ले मोजके आणि पुनरावृत्ती भरपूर, म्हणून ती लवकर येते, असं सगळे म्हणायला लागले. पुढच्याच आठवड्यात आर्कान्सॉने तीनच जण पुढे पाठवून आठ जण कव्हरेजमध्ये मागे ठेवले आणि २१-१४ जिंकले. त्यानंतर केंटकीने २४-२ असं झोपवलं. संघ ४-७ वर संपला. लीच यांच्या मुलांना पद्धत येत होती. समोरचे शिकतील त्याला उत्तर द्यायला यायचं बाकी होतं. ते हळूहळू आलं, पुढच्या वर्षी ७-६, त्यापुढच्या वर्षी ९-४. नीक सेबनही अलाबामात पहिल्या वर्षी, २००७ मध्ये, ७-६ होते आणि लुईझियाना-मन्रोकडून हरले होते. दुसऱ्या वर्षी १२-२. तिसऱ्या वर्षी विजेते.

हे सगळं ट्रान्सफर पोर्टलच्या (विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची नोंदणी) आधीचं गणित, असं कुणी म्हणेल, आणि त्यात तथ्य आहे. २०२१ पासून खेळाडूला एकदा एक वर्ष बाहेर न बसता विद्यापीठ बदलता यायला लागलं, नंतर नियम आणखी सैल झाले. २०२४ मध्ये कर्ट सिग्नेटी इंडियानात आले ते जेम्स मॅडिसनमधले दोन्ही कोऑर्डिनेटर आणि डझनभर खेळाडू घेऊनच. आदल्या वर्षी ३-९ असलेला संघ ११-२ झाला. यात इंडियानाने स्कीम शिकली असं म्हणण्यापेक्षा स्कीम येणारी माणसंच आली, असं मला वाटतं. आणि जुन्या खेळाडूंना शेजारी उभं राहून सांगणारं कुणीतरी मिळालं. कोचने शंभरदा सांगितलेलं कळत नाही ते शेजारच्या सेफ्टीने एकदा ओरडून सांगितलं की कळतं. डेटा बघताना हे वेगळं काढा: आधीपासूनचे खेळाडू एका गटात, कोचबरोबर आलेले दुसऱ्या. नाहीतर सरासरी तुम्हाला फसवते.

आणखी एक बदल, छोटासा. २०२४ पासून मोठ्या कॉलेजांच्या सामन्यांत एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये कोचचा आवाज जातो, प्ले-क्लॉकवर, म्हणजे चाल सुरू करायला दिलेल्या वेळेच्या घड्याळावर, १५ सेकंद उरेपर्यंत. त्याआधी साइडलाइनवरच्या खुणा आणि चित्रांचे फलक पाठ करण्यातच नव्या संघाची शक्ती जायची. आता ती थोडी वाचते. उरलेल्या दहा जणांना मात्र अजूनही ओरडूनच सांगावं लागतं.

आता कामात शिरायचं असेल तर. स्कीमशी जुळवून घेणं मोजायचं असेल तर स्कोअरबोर्ड सोडून या गोष्टी टॅग करा: आपल्या जागेवर उशिरा पोचलेले खेळाडू, स्नॅपआधीचे दंड, गोंधळामुळे घेतलेले टाइमआउट, आणि 'बस्ट', म्हणजे रिसीव्हर एकटाच मोकळा सुटला अशा प्ले. कोच प्रत्येक खेळाडूला प्रत्येक प्लेसाठी गुण देतात आणि मानसिक चूक वेगळी नोंदवतात. ते कागद मागू नका. विश्वास बसला की आपोआप दाखवतात.

एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर असाल तर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासच काम करता येतं, आणि फुटबॉलचं काम तेवढ्यात मावत नाही. 'बाकीचे तास स्वयंसेवक म्हणून कर' असं कुणी प्रेमाने म्हणालं तरी आधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात विचारा, लेखी. संघात आलात की सट्टा बंद, मित्रांबरोबरची दहा डॉलरची पैजसुद्धा. आणि कोण लंगडतोय हे कुणाला सांगायचं नाही. कॅमेऱ्यासाठी उंच लिफ्टवर चढावं लागेल. २०१० च्या ऑक्टोबरमध्ये नोटर डेममध्ये जोराच्या वाऱ्यात अशीच लिफ्ट कोसळून चित्रीकरण करणारा एक विद्यार्थी गेला. वारा सुटला तर खाली या आणि कुणाच्या परवानगीची वाट बघू नका.

अर्ज करायचा तो जानेवारीत, वसंतातले सराव सुरू व्हायच्या आधी, व्हिडिओ विभागाच्या प्रमुखाला थेट मेल करून. त्याच मेलबरोबर टीव्हीवरच्या एखाद्या सामन्याचा एक क्वार्टर स्वतः टॅग करून जोडा. फुटबॉलचा कोर्स केलाय का हे मला कुणी विचारलं नाही. माझ्या फाइलमधली तिसऱ्या डाउनची एक रांग उघडून कोऑर्डिनेटरने विचारलं, "इथे सेफ्टी खाली का आला?" आणि पुढचा अर्धा तास आम्ही तेवढ्यावरच बोललो.