दिवाळीचा किल्ला : मुले किल्लेदार, घरचे मावळे

अनेक गृहसंकुलांतील आणि वाड्यांतील युवक मंडळे दिवाळीत किल्ला स्पर्धा भरवतात, परंतु मुले खाली माती कालवत असतात आणि आईवडील वर घरात साफसफाई व फराळाच्या गडबडीत असतात. दोघांची गाठ पडते ती थेट बक्षीस वाटपाच्या वेळी, फोटोपुरती. हाच उपक्रम घरातल्या माणसांना जवळ आणण्यासाठी वापरायचा असेल, तर नावनोंदणी मुलाच्या नावाने न घेता घराच्या नावाने घ्यावी आणि त्या घराचा किल्लेदार मात्र मुलालाच नेमावे. घर म्हणजे आई, बाबा आणि मूल असेच धरू नये. आजी आणि नातू एवढेच असले तरी ते पूर्ण पथक आहे, आणि ज्यांच्या घरी कोणालाच वेळ नाही त्यांना शेजारच्या घराशी जोडून द्यावे.

कामाची सुरुवात मातीने न करता खऱ्या किल्ल्याने करावी. दिवाळीच्या साधारण तीन आठवडे आधी एखाद्या रविवारी सर्व घरांची सहल काढावी. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या १२ किल्ल्यांपैकी ११ महाराष्ट्रातील आहेत, त्यामुळे निवडीला भरपूर वाव आहे. तरीही पुण्याच्या आसपासच्या मंडळांनी त्या यादीत नसलेला सिंहगड वगळू नये, कारण तेथे गाडी वरपर्यंत जाते आणि आजी-आजोबांना सोबत नेता येते. मुले मोठी आणि पालक चालणारे असतील तर राजगड उत्तम, कारण पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्या आणि मधोमध उंच बालेकिल्ला ही त्याची रचना एकदा पायाखालून गेली की मातीत उतरवणे सोपे जाते. प्रत्येक घराने तेथे कागदावर कच्चा नकाशा काढावा. मुलाने काढायचा आणि मोठ्यांनी पावले मोजून अंतरे सांगायची, अशी वाटणी ठेवावी.

बांधणीसाठी चार संध्याकाळी पुरतात. तळाशी विटा आणि दगड रचून उंचवटे करावेत, त्यावर पातळ चिखलात बुचकळलेले गोणपाट अंथरावे आणि वरून लाल मातीचा थर द्यावा. नुसती माती वाळताना तडकते, म्हणून तीत थोडी चाळलेली वाळू आणि बारीक चिरलेले गवत मिसळावे. हे प्रमाण कोणत्याही पुस्तकापेक्षा घरातल्या ज्या माणसाने लहानपणी भिंती सारवलेल्या पाहिल्या आहेत त्याला अधिक नेमके ठाऊक असते, आणि त्याला विचारण्याची वेळ मुलावर येऊ द्यावी. हिरवळीसाठी हळीव किंवा मोहरी पेरतात, पण उतारावर हळीवच वापरावा. तो तासभर पाण्यात भिजवला की दाण्यांभोवती बुळबुळीत आवरण येते आणि दाणे उभ्या कड्यालाही चिकटून राहतात, तर मोहरी घरंगळून पायथ्याशी गोळा होते. वसुबारसेला हिरवळ दिसायला हवी असेल तर पाच-सहा दिवस आधी पेरावे आणि पाणी ओतू नये, हाताने शिंपडावे.

या सगळ्यात खरी अडचण मातीची नसून वडीलधाऱ्यांच्या हातांची असते. आमच्या मंडळात पहिल्याच वर्षी एक गृहस्थ पाणसळ घेऊन आले आणि दुसऱ्या संध्याकाळी त्यांचा मुलगा बाजूच्या कट्ट्यावर मोबाइल पाहत बसलेला होता. किल्ला अर्थातच फार देखणा झाला. तेव्हापासून आम्ही एक नियम ठेवला आहे : मोठ्यांनी घमेले उचलावे, माती मळावी, विचारले तर सांगावे, पण बुरूज कोठे येणार हे किल्लेदार ठरवील, आणि तो चुकला तर बुरूज चुकीच्याच जागी उभा राहील. पालकांना हे जड जाते. अशा वेळी कार्यकर्त्याने मध्ये पडून त्यांना बादली भरून आणायला पाठवावे.

स्पर्धा ठेवावी की नाही, याबद्दल मंडळांत मतभेद असतात. माझ्या मते क्रमांक देऊ नयेत. त्याऐवजी एका संध्याकाळी सर्वांनी मिळून प्रत्येक किल्ल्यापाशी थांबावे आणि त्या घरातील मुलाने माहिती सांगावी. प्रतापगड असेल तर १० नोव्हेंबर १६५९ रोजी पायथ्याशी काय घडले, रायगड असेल तर १६७४ चा राज्याभिषेक. सांगताना तो अडला तर आजोबांनी दुवा जोडून द्यावा. परीक्षक नसल्यामुळे मुले मोकळेपणाने बोलतात आणि ऐकणारेही प्रश्न विचारतात.

खर्च फारसा येत नाही. माती आणि गोणपाट मंडळाने एकदम आणावे, मावळ्यांची मातीची चित्रे ज्याची त्याने कुंभाराकडून घ्यावीत किंवा मागील वर्षीचीच रंगवावीत.

किल्ला मोडण्याचा दिवसही आधीच ठरवून ठेवावा, नाहीतर तो पहिल्या वळवापर्यंत तसाच पडून राहतो. तुळशीचे लग्न झाले की पुढच्या रविवारी सर्व घरांनी पुन्हा खाली यावे, विटा परत रचाव्यात, माती कुंड्यांत भरावी, आणि मावळे वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात ठेवताना त्या खोक्यावर घराचे नाव किल्लेदाराकडून लिहून घ्यावे.