या चुका टाळा: वेब सर्व्हिस आणि सिमँटिक वेब शिकताना

सिमँटिक वेब म्हणजे यंत्रालाही अर्थ लावता येईल अशी मांडलेली वेबवरची माहिती. ती शिकायला घेतलेला माणूस पहिल्या आठवड्यात ट्रिपल, म्हणजे तीन भागांची विधानं, लिहायला लागतो. कर्ता, विधेय, कर्म. मामला सोपा वाटतो. दुसऱ्या आठवड्यात त्याला ‘हे आणि ते एकच’ असं सांगणारं सेम-ॲज सापडतं आणि तिथून माझं काम वाढतं.

सेम-ॲज ज्या भाषेतलं आहे ती ओडब्ल्यूएल, म्हणजे संकल्पना आणि त्यांचे संबंध मांडायची भाषा, २००४ साली डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेची शिफारस झाली. तेव्हापासून सेम-ॲजचा अर्थ एकच आहे: हे दोन यूआरआय, म्हणजे वेब-पत्त्यासारखी ओळखचिन्हं, एकाच वस्तूची दोन नावं आहेत. ‘सारखे’ नव्हे, ‘संबंधित’ नव्हे, तोच. एकाबद्दल जे खरं ते सगळं दुसऱ्याबद्दलही खरं. शिवाय ते साखळीने पुढे सरकतं. अ म्हणजे ब, ब म्हणजे क, की झालाच अ म्हणजे क.

आम्ही एकदा दोन पुस्तकसूच्या एकत्र करत होतो. मुदत डोक्यावर आलेली, म्हणून लेखक जुळवायला फक्त आडनाव आणि आद्याक्षरं घेतली. जुळलं की लाव सेम-ॲज. निर्णय माझाच होता. दोन दिवसांनी एका लेखकाच्या नोंदीत तीन जन्मवर्षं, मृत्यू एकोणिसाव्या शतकातला आणि ग्रंथसंपदेत डेटाबेसचं पाठ्यपुस्तक! रीझनरचं, म्हणजे दिलेल्या माहितीतून नवे निष्कर्ष काढणाऱ्या प्रोग्रामचं, काहीच चुकलं नव्हतं. तिघं एकच आहेत, असं आम्हीच त्याला सांगून बसलो होतो.

खरी गंमत पुढेच. चुकीची जोडी शोधली, पुसली, क्वेरी पुन्हा चालवली. तेच उत्तर. कारण रीझनरने काढलेले निष्कर्ष आम्ही मूळ माहितीच्याच ग्राफमध्ये, म्हणजे ट्रिपलच्या त्याच संचात, साठवले होते. आता कुठलं ट्रिपल आपण भरलेलं आणि कुठलं त्याने काढलेलं, हे ओळखणार कसं? शेवटी ट्रिपल साठवायचं सगळं स्टोअर रिकामं केलं आणि मूळ फायलींवरून पुन्हा भरलं. रात्र गेली.

तेव्हापासून निष्कर्षांना वेगळा नेम्ड ग्राफ (स्वतःचं नाव असलेला संच) आणि जोड्यांनाही वेगळा. जोडी आधी ‘कदाचित तोच’ अशा माझ्याच एका प्रॉपर्टीने, म्हणजे विधेयाने, नोंदवतो. रीझनर तिच्यातून काहीच काढत नाही, हाच तिचा गुण. माणसाने डोळ्यांनी पाहिलं की मगच सेम-ॲज. ‘त्यापेक्षा स्कॉसचं क्लोजमॅच लावा ना,’ असं सांगणारे भेटतात. स्कॉस ही विषय-संकल्पनांच्या याद्या मांडायची शब्दावली, क्लोजमॅच म्हणजे ‘जवळपास तेच’; ते संकल्पनांसाठी आहे. माणसाला लावलंत, तर रीझनर त्या माणसालाच संकल्पना ठरवेल.

दुसरी आवडती चूक: डोमेन (प्रॉपर्टीचा कर्ता कुठल्या प्रकारचा) आणि रेंज (कर्म कुठल्या प्रकारचं) म्हणजे डेटाबेसमधली बंधनं, असा समज. ‘लेखक’ या प्रॉपर्टीचं डोमेन ‘पुस्तक’ ठेवलं आणि कुणी एका चित्रपटाला लेखक जोडला, तर काय होईल? नवशिक्याला वाटतं, एरर येईल. येत नाही. रीझनर शांतपणे लिहितो की हा चित्रपट म्हणजे पुस्तकही आहे. दोन डोमेन दिलीत, तर ‘यापैकी एक’ असा अर्थ होत नाही, ‘दोन्ही’ असा होतो. ‘पुस्तकाला एकच प्रकाशक’ असा नियम केलात आणि माहितीत दोन प्रकाशक निघाले, तर दोघं वेगळे आहेत असं तुम्ही कुठे लिहिलेलं नसेल तेव्हा रीझनर म्हणतो, मग हे दोघं एकच असणार. म्हणजे पुढच्या दाराने हाकललेलं सेम-ॲज मागच्या दाराने घरात.

इथे जे लिहिलेलं नाही ते खोटं नसतं, फक्त माहीत नसतं. जन्मतारीख नसलेला लेखक रीझनरच्या लेखी अगदी व्यवस्थित असतो. माहिती तपासायचीच असेल तर शॅकल (माहितीचे नियम मांडायचं मानक) वापरा. ते २०१७ पासून त्यासाठीच आहे. मी तर स्टोअरमध्ये काही भरण्याआधीच शॅकल चालवतो. ‘आधी भरू, मग बघू’वाल्यांशी वाद घालणं सोडून दिलंय.

भाषेचा टॅग विसरू नका. नुसतं ‘गणित’ आणि मराठीचा टॅग लावलेलं ‘गणित’ ही स्पार्कल या क्वेरी भाषेच्या दृष्टीने दोन वेगळी मूल्यं आहेत; शून्य ओळी आल्या की आधी तिथे बघा.

स्कीमा डॉट ऑर्ग या वेबपानांसाठीच्या सामायिक शब्दावलीचे यूआरआय कुठे एचटीटीपीने, कुठे एचटीटीपीएसने सुरू केलेत? सर्च इंजिन चालवून घेतं, ट्रिपल स्टोअर घेणार नाही; त्याच्या लेखी ती दोन वेगळी नावं.

आता वेब सर्व्हिसकडे, म्हणजे एका प्रोग्रामने दुसऱ्याकडून नेटवर्कवरून काम करून घेण्याकडे. लोक तिला आपल्याच प्रोग्राममधलं फंक्शन समजतात आणि टाइमआउट आला की काम झालं नाही असं धरून चालतात. टाइमआउटचा अर्थ एवढाच की उत्तर आलं नाही. काम कदाचित झालेलंही असेल. गेट, पुट, डिलीट या प्रकारच्या विनंत्या पुन्हा पाठवल्या तरी परिणाम एकदाच पाठवल्यासारखा राहावा, असं एचटीटीपीत ठरलेलं आहे. पोस्टबद्दल तसं काहीच ठरलेलं नाही. पोस्टला डोळे मिटून पुन्हापुन्हा पाठवणारा रिट्राय लूप लावला, की एकाच ग्राहकाच्या तीन ऑर्डरी पडतात आणि खापर नेटवर्कवर फुटतं. मी प्रत्येक पोस्टला क्लायंटकडेच एक खूणक्रमांक देतो. सर्व्हरला तो आधी दिसलेला असेल, तर त्याने जुनंच उत्तर परत करायचं. दोन तासांचं काम आहे, पण डेमोच्या घाईत ते कुणालाच करायचं नसतं.

आणि कृपा करून चूक झाल्यावर २०० हा ‘सगळं ठीक’ सांगणारा स्टेटस पाठवू नका. आत ‘एरर’ लिहिलंय हे क्लायंटला दिसेल तेव्हा दिसेल. मधला कॅशे (उत्तरांच्या प्रती ठेवणारा) आतला मजकूर न बघता स्टेटस बघतो आणि तुमची चूक यशस्वी उत्तर म्हणून जपून ठेवू शकतो. सोप या एक्सएमएल संदेशांच्या पद्धतीला जुनाट म्हणून नावं ठेवणाऱ्यांना सांगतो, २००० सालच्या सोप १.१ मध्येही एचटीटीपीवरून फॉल्ट, म्हणजे चूक कळवणारा संदेश, पाठवायचा तर ५०० या ‘सर्व्हरची चूक’ स्टेटससोबतच, असा नियम होता.

राहिलं जेसन-एलडीचं, म्हणजे ट्रिपल जेसनमध्ये लिहायच्या पद्धतीचं, कॉन्टेक्स्ट: कुठलं नाव म्हणजे कुठला यूआरआय हे सांगणारी फाइल. ते दर विनंतीला दुसऱ्याच्या सर्व्हरवरून ओढू नका, एक प्रत आपल्याकडे ठेवा. डीटीडीच्या, म्हणजे एचटीएमएल-एक्सएमएलची रचना सांगणाऱ्या फायलींच्या, बाबतीत हेच होऊन गेलंय. जवळपास कधीच न बदलणाऱ्या त्या फायलींसाठी दिवसाला १३ कोटींपर्यंत विनंत्या येतात, अशी तक्रार डब्ल्यूथ्रीसीने २००८ मध्ये केली होती. यातल्या कितीतरी विनंत्या करणाऱ्या प्रोग्रामच्या मालकांना, आपला प्रोग्राम असं काही करतोय याचा पत्ताही नव्हता.