जुन्या गाडीचा मूळ रंग शोधताना या चुका टाळा

जुनी गाडी गॅरेजला लागली की डेंटर आधी तिला पेंट रिमूव्हर लावतो, नाहीतर ग्राइंडरने पत्रा उघडा करतो. गंज कुठवर गेलाय ते पाहायला हे करावंच लागतं. पण त्याच दिवशी कारखान्यात चढलेला रंगही कायमचा जातो. मग दोन महिन्यांनी पेंटर विचारतो, "शेड कुठली मारायची?", आणि उत्तर शोधायला गाडीवर जागाच उरलेली नसते. गॅरेज ठाण्याच्या वागळे इस्टेटमधलं असो की नवी मुंबईच्या तुर्भ्यातलं, गाडी कुणाच्याही हवाली करण्याआधी अर्धा दिवस फक्त रंगासाठी ठेवा. ज्या जागांना हात लावायचा नाही त्यांवर मास्किंग टेप लावून "घासू नये" असं लिहा. तोंडी सांगितलेलं दुसऱ्या दिवशीच्या पोऱ्यापर्यंत पोहोचत नाही.

आरसी बुक आणि प्लेटवर डोळे मिटून विश्वास

आरसी बुकात "ब्लू" किंवा "ग्रे" एवढंच असतं. त्या एका शब्दात पाच-सहा वेगवेगळ्या शेड बसतात. शिवाय मधल्या एखाद्या मालकाने रंग बदलून नोंद करून घेतली असेल, तर पुस्तकात दिसतो तो नंतरचा रंग.

कंपनीने गाडीवर ठोकलेल्या ओळखीच्या प्लेटवरचा रंगाचा कोड जास्त भरवशाचा, पण कुठल्या गाडीचा ते पाहून. जुन्या मर्सिडीजवर रेडिएटरच्या वरच्या आडव्या पट्टीवर कोड सापडतो. बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) यादीत डब्ल्यूटी ३ म्हणजे ओल्ड इंग्लिश व्हाइट, आरडी ९ म्हणजे टार्टन रेड. आपल्याकडची खरी अडचण इथे जुळवलेल्या गाड्यांची आहे. जनरल मोटर्सने १९२८ पासून शिवडीला गाड्या जुळवल्या. प्रीमियरने कुर्ल्याला आधी डॉज-प्लायमाउथ आणि मग फियाट काढल्या. सुट्या भागांतून आलेल्या अशा गाड्यांना रंग अनेकदा इथेच लागे, त्यामुळे ट्युरिनचं किंवा डेट्रॉइटचं शेड कार्ड हा त्यांच्यासाठी पुरावा ठरत नाही. कुर्ल्यात बनलेल्या फियाटचा मूळ रंग म्हणजे कुर्ल्याचा रंग, इटलीचा नव्हे. प्लेटवरचा नंबर चॅसिसवर ठोकलेल्या नंबरशी जुळतो का, रिबिट जुने आहेत का, हेही बघून घ्या.

चुकीच्या जागी शोधणं

बहुतेक जण बॉनेट उचलतात, आतला रंग बघतात आणि तोच मूळ धरतात. बॉनेट, डिकीचं झाकण, दरवाजे ही सगळी बोल्टवरची कामं. पन्नास वर्षांत यातलं काहीतरी दुसऱ्या गाडीवरून आलेलं असण्याची शक्यता मोठी. आधी न सुटणारा पत्रा बघा: मागच्या सीटखालचा भाग, डॅशबोर्डखालून दिसणारी फायरवॉल (इंजिन आणि केबिनमधला आडवा पत्रा), टेल लाइट काढल्यावर मागची पोकळी, काचेच्या रबराखालची कड, दरवाजाच्या खांबावर बिजागरीमागची जागा. त्यानंतर दरवाजाचं पॅड आणि मोनोग्रामखालचा भाग. न सुटणाऱ्या पत्र्यावर किमान तीन ठिकाणी एकच रंग मिळाला तरच तो मूळ म्हणा.

आतल्या जागांवर स्प्रे पातळ बसलेला असतो. खालचा प्रायमर डोकावतो आणि शेड फिकट वाटते. म्हणून या जागा रंग कोणता ते सांगतात, नेमकी शेड सांगत नाहीत. छत आणि खालचा भाग वेगळे तपासा, दोन रंगांच्या गाड्या कमी नव्हत्या. छतावर पिवळा थर लागला तर गाडी कधीतरी टॅक्सी होती असं समजा आणि त्याच्याही खाली जा.

प्रायमरलाच रंग समजणं

ही चूक सगळ्यात जास्त होते, आणि थोड्या सबुरीने टळते. बाहेरच्या पत्र्यावर ठोकाठोक न झालेली, शक्यतो वळणाची नसलेली जागा निवडा. पाच सेंटिमीटरचा गोल आखा. ४०० नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून मध्यभागी घासा आणि कडेकडे दाब कमी करत न्या. पत्रा टिकलीएवढा दिसला की थांबा. मग ६००, १०००, १५०० अशा क्रमाने गुळगुळीत करून शेवटी कंपाउंड मारा. या घासलेल्या खिडकीत आता एकात एक कडी दिसतील. उदाहरणार्थ बाहेरून आत: पांढरा पीयू (पॉलियुरेथेन रंग), करडा सर्फेसर (रंगाखाली मारायचा सपाटीचा थर), मळकट निळा ड्यूको (लवकर सुकणारा लॅकर रंग), पुट्टीची पिवळसर पट्टी, हिरवट राखाडी, तांबूस रेड ऑक्साइड आणि मग पत्रा.

इथे पत्र्याला चिकटलेला तांबूस थर प्रायमर आहे, रंग नाही. कंपाउंडने प्रायमरला चकाकी येत नाही, रंगाला येते. दहापट भिंगातून थरांच्या सीमा बघा. पुन्हा रंगवलेल्या थराखाली पेपरचे ओरखडे किंवा मळाची बारीक रेघ दिसते. पहिला प्रायमर आणि त्यावरचा कारखान्याचा रंग यांच्यामध्ये ती सहसा नसते. पत्र्यावर थेट पुट्टी लागली तर त्या जागी डेंट काढलेला आहे, जागा बदला.

हे सगळं ओलंच घासा. जुन्या पिवळ्या-लाल रंगांत आणि प्रायमरमध्ये शिसं असतं. कोरडी धूळ फुफ्फुसात जाते. मास्क लावा आणि गाळ पुसून वेगळा भरा.

थिनरची चाचणी अर्धवट समजून घेणं

थर कुठल्या जातीच्या रंगाचा ते पाहायला कापसाच्या बोळ्यावर एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर घेऊन दोन-तीन सेकंद टेकवा. बोळ्याला रंग लागला तर थर ड्यूको किंवा ॲक्रिलिक लॅकरचा आहे. पीयू आणि भट्टीत भाजलेलं इनॅमल सहजी उतरत नाही. पण "ड्यूको म्हणजे नंतरचं काम" हा निष्कर्ष सरसकट काढू नका. ड्यूको लॅकर १९२० च्या दशकात जनरल मोटर्सने कारखान्यातच वापरायला सुरुवात केली होती, त्यामुळे त्या काळच्या त्यांच्या गाडीवर लॅकर मूळचा असू शकतो. बोळा जास्त वेळ ठेवलात तर थर एकमेकांत मिसळतात आणि खिडकी वाया जाते.

शेड जुळवताना

उन्हात राहिलेला रंग उडतो. म्हणून तिथे कंपाउंड मारून ताजा थर उघडा करा आणि मगच रंग मोजायच्या मशीनने रीडिंग घ्या. खडबडीत, चकाकी नसलेल्या जागेवर घेतलेलं रीडिंग चुकतं. पांढऱ्याची गंमत उलटी आहे: जुनं सिंथेटिक इनॅमल अंधारात पिवळं पडतं, त्यामुळे सीटखालचा पांढरा क्रीम वाटतो. तो भाग काही दिवस उजेडात ठेवला की बराचसा मूळ पांढरेपणा परततो. ते न करता जुळवलेली गाडी कायमची क्रीम होते. काचेच्या रबराचा तपकिरी डागही असाच फसवतो.

मोबाइलच्या फोटोवरून शेड बनवून घेऊ नका. फोन रंग आपल्या हिशेबाने बदलतो. मिक्सिंगवाल्याकडे पॅनेल किंवा सुटा तुकडा घेऊन जा. नमुना पत्र्यावर स्प्रे करून घ्या आणि सकाळी दहाच्या सुमारास सावलीत आणि नंतर ट्यूबलाइटखाली, दोन्हीकडे ताडून बघा. आजच्या टिंटरने (शेड बनवताना मिसळायच्या रंगांनी) केलेली शेड कधी एका उजेडात जुळते आणि दुसऱ्यात वेगळी दिसते. ठाण्याच्या खाडीकडच्या हवेत जुलै-ऑगस्टमध्ये ड्यूकोचा नमुना मारलात तर ओलाव्याने त्यावर पांढुरकं धुकं येतं आणि शेड फिकी आली असं वाटतं. नमुने डिसेंबर-जानेवारीत मारा. पावसाळ्यात मारावेच लागले तर रिटार्डर (रंग सावकाश सुकवणारा थिनर) वापरा.

मागच्या सीटखाली पाच सेंटिमीटरचा चौकोन न रंगवता राखा. तिथेच मिक्सिंगचा फॉर्म्युला लिहिलेली चिठ्ठी प्लॅस्टिकमध्ये घालून ठेवा.

मूळ रंग आरसीतल्या रंगापेक्षा वेगळा निघाला तर गाडी रंगवण्याआधी ठाणे किंवा वाशी आरटीओत रंगबदलाचा अर्ज करा. पहिली नोंदणी होऊन पन्नास वर्षं झालेल्या दुचाकी-चारचाकीला २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज गाड्यांच्या व्हीए मालिकेत नोंद घेता येते. शुल्क नव्या नोंदणीला २०,००० आणि पुनर्नोंदणीला ५,००० रुपये. त्यासाठी गाडी मूळ स्वरूपात असावी लागते, म्हणून या खिडक्यांचे फोटो फाइलला लावून ठेवा.