नायट्रो मॉन्स्टर ट्रक ब्रशलेसवर नेताय? या चुका टाळा

माझ्या सॅव्हेजमध्ये, म्हणजे नायट्रो इंधनाच्या इंजिनावर चालणाऱ्या रिमोटच्या मॉन्स्टर ट्रकमध्ये, ब्रशलेस (बिनब्रशची इलेक्ट्रिक) मोटर बसवली त्या संध्याकाळी गाडी पुढे झकास पळाली, पण ब्रेक दाबला तरी थांबेना. रिव्हर्स दिला की मोटर गरगर फिरायची आणि चाकं जागची हलायची नाहीत. ईएससीचं (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक कंट्रोलरचं) सेटिंग तीनदा बदललं, शेवटी नवा ईएससी मागवला. त्यावरही तेच. दोष ईएससीत नव्हताच. गिअरपेटीत एक छोटंसं वन-वे बेअरिंग होतं. ते इंजिनासाठी बसवलेलं होतं आणि मी ते तसंच राहू दिलं होतं.

एचपीआयची सॅव्हेज असो, ट्रॅक्ससची १९९९ साली आलेली टी-मॅक्स असो की नंतरची रेवो, या गाड्यांचं कन्व्हर्जन फसतं ते बहुतेक याच कारणामुळे. इंजिन निघतं, पण इंजिनासाठी केलेल्या सोयी गाडीत तशाच राहतात. त्या एकेक शोधून काढाव्या लागतात. मोटर बसवणं हे त्यातलं सगळ्यांत सोपं काम.

गिअरपेटी न उघडता सुरुवात करणं

नायट्रो इंजिनाला खालच्या आरपीएमला फारसा जोर नसतो, म्हणून या ट्रकांना दोन गिअर दिलेले असतात. गाडीने वेग घेतला की सेंट्रिफ्यूगल क्लच बाहेर फेकला जातो आणि दुसरा गिअर पकडतो. त्या क्षणी पहिल्या गिअरने अडथळा करू नये म्हणून त्यात वन-वे बेअरिंग असतं. ते एकाच दिशेला पकडतं आणि दुसऱ्या दिशेला मोकळं फिरतं. नायट्रोत ब्रेकची चकती वेगळी असल्यामुळे याचा त्रास कधी जाणवत नाही. ब्रशलेसमध्ये मात्र ब्रेक आणि रिव्हर्स दोन्ही मोटरच देते. मोटर उलटी ओढायला लागली की बेअरिंग सुटतं आणि चाकांपर्यंत काहीच पोचत नाही.

यावर एकच उपाय: पेटी उघडा आणि एकाच गिअरवर कायमची लॉक करा. एकगिअरी किट मिळालं तर उत्तमच. सॅव्हेजचं फ्लक्स आणि रेवोचं ई-रेवो ब्रशलेस असे कारखान्यातूनच ब्रशलेस आलेले भाऊ आहेत. त्यांचे सुटे भाग या कामाला फार उपयोगी पडतात, त्यामुळे घरी काही कातून घेण्याआधी तिथे शोधा. ब्रशलेसला दुसऱ्या गिअरची गरजच नसते. मोटर शून्यापासून पूर्ण जोर देते. शिवाय भर वेगात दुसरा गिअर पकडताना जो झटका बसतो, तो या जोराखाली पेटीचे दात खातो.

टी-मॅक्स आणि रेवोत आणखी एक गोष्ट आहे. तिथे फॉरवर्ड-रिव्हर्स बदलायला स्वतंत्र सर्व्हो (रेडिओच्या इशाऱ्यावर हलणारी छोटी मोटर) असतो. कन्व्हर्जन करताना तो काढून टाकला जातो, मग आतला गिअर सरकवणारा काटा मोकळा राहतो. जोर पडला की तो मध्येच सरकतो आणि करकर आवाज करत गिअर घासायला लागतात. काटा फॉरवर्डमध्ये पक्का बांधा किंवा फक्त-फॉरवर्डचं किट टाका. रिव्हर्स मोटर देईलच.

जुनी ब्रेकची चकती, पॅड आणि लिंकेजही काढून टाका. राहिले तर पॅड हलकेच घासत राहतात आणि मोटर का तापते हे महिनाभर कळत नाही.

केव्हीचा आकडा मोठा तो चांगला, असं समजणं

सगळ्यांत जास्त पैसे इथेच जळतात, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

केव्ही म्हणजे एका व्होल्टला मोटर किती आरपीएम फिरते, तेही बिनओझ्याची. ती ताकद नव्हे. लायपोची (लिथियम-पॉलिमर बॅटरीची) एक सेल पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२ व्होल्ट देते. २२०० केव्हीची मोटर ४-एसवर (सिरीजमध्ये चार सेल), म्हणजे १६.८ व्होल्टवर, ३६,९६० आरपीएमपर्यंत जाते. हीच मोटर ६-एसवर ५५,४४० ला जाते. या आकाराच्या बहुतेक मोटरींची मर्यादा ५०,००० ते ६०,००० च्या आसपास असते, म्हणजे आपण काठावर आलो. आता कोणी ३५०० केव्हीची मोटर घेऊन ती ६-एसला जोडली, तर हिशेब ८८,००० च्या वर जातो. रोटरवरची चुंबकं तेवढं सहन करत नाहीत.

साडेचार-पाच किलोच्या ट्रकसाठी कमी केव्ही, जास्त व्होल्ट आणि मोठा मोटरकॅन (मोटरचं बाहेरचं नळकांडं) हीच जोडी बरोबर. तेवढीच ताकद कमी अँपिअरमध्ये मिळते, त्यामुळे वायर, कनेक्टर आणि ईएससी सगळंच थंड राहतं. १/१० आकाराच्या बग्गीची ३६ मिलिमीटर व्यासाची मोटर घरात पडून आहे म्हणून या गाडीत घालू नका. ४२ मिलिमीटरची आणि ७० मिलिमीटरच्या पुढे लांबी असलेली मोटर घ्या.

मग गिअरिंग. नायट्रोत क्लचबेलला (इंजिनाच्या क्लचवरच्या गिअरला) जेवढे दात होते तेवढ्याच दातांचा पिनियन (मोटरच्या शाफ्टवरचा छोटा गिअर) घेतला की झालं, असं अनेकांना वाटतं. पण इंजिनाला क्लच होता, सुरुवातीला तो घसरायचा. मोटरला तो नाही, ती थांबलेल्या चाकांवर सरळ जोर लावते. म्हणून आधी आपल्या गाडीचं एकूण गुणोत्तर काढा. पिनियनवर खूण करा, मागची-पुढची सगळी चाकं एकत्र एक पूर्ण फेरी फिरवा आणि पिनियनच्या फेऱ्या मोजा. एकच चाक फिरवलंत तर डिफरन्शियलमुळे आकडा चुकतो.

समजा १८ आलं. टायरचा व्यास १५० मिलिमीटर असेल तर परीघ सुमारे ४७ सेंटिमीटर. ३६,९६० ला १८ ने भागलं की चाकाचे २,०५० च्या आसपास फेरे, म्हणजे कागदावर ताशी ५८ किलोमीटर. ६-एसवर हाच हिशेब ताशी ८७ वर जातो. एवढ्या वेगात मॉन्स्टर ट्रकचे टायर फुग्यासारखे ताणले जातात आणि रिमवरून सुटतात. टायर आतून टेपने बांधलेले नसतील, तर ६-एसचा विचार सध्या बाजूला ठेवा. सुरुवात नेहमी ४-एस आणि लहान पिनियनने करा. तापमान बघून एकेक दात वाढवा.

दातांचा पिचही तपासा. टी-मॅक्सचा स्पर (पिनियनला जुळणारा मोठा गिअर) ०.८ मॉड्यूलचा, सॅव्हेज आणि रेवोचा १ मॉड्यूलचा. चुकीचा पिनियन बसल्यासारखा वाटतो, फिरतोही, आणि दहा मिनिटांत स्परचं पीठ होतं. दात जुळवताना मध्ये वहीच्या कागदाची पट्टी घाला, मोटर दाबून स्क्रू आवळा आणि पट्टी फिरवून बाहेर काढा. पट्टीवर वळ्या उमटल्या पाहिजेत, पण ती फाटता कामा नये. एकाच जागी बघून थांबू नका, स्पर पूर्ण फेरी फिरवून पाहा. नायट्रोवर चाललेला जुना स्पर बरेचदा किंचित वाकडा असतो.

मोटर माउंट

इंजिनाच्या भोकांवर पातळ पट्टी ठोकून मोटर बसवू नका. जोर पडला की पट्टी वाकते, दात एकमेकांवरून उड्या मारतात. पाच-सहा मिलिमीटर जाड ॲल्युमिनियम हवं आणि ते दोन्ही बाजूंच्या प्लेटना धरलेलं हवं. धातूत बसणाऱ्या प्रत्येक स्क्रूला निळं थ्रेडलॉक (स्क्रू सुटू न देणारा गोंद) लावा. प्लास्टिकला मात्र लावू नका, ते तडकतं. पिनियनचा ग्रब स्क्रू शाफ्टच्या सपाट भागावरच बसतोय ना, हे डोळ्यांनी बघा.

हे सगळं करण्याआधी चासी आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन काढा. नायट्रोच्या इंधनातलं तेल वर्षानुवर्षं कोपऱ्यांत मुरलेलं असतं. त्यावर दुहेरी टेप टिकत नाही आणि थ्रेडलॉकही धरत नाही.

दोन ठिकाणांहून वीज देणं

नायट्रोत रिसीव्हरसाठी (रेडिओचे इशारे पकडणाऱ्या गाडीतल्या भागासाठी) चार सेलची वेगळी बॅटरी असायची. ईएससीला स्वतःचा बीईसी (रिसीव्हर आणि सर्व्होला वीज पुरवणारा भाग) असतो, तो रिसीव्हरच्या तारेतूनच वीज देतो. जुनी बॅटरीही जोडलेली राहिली, तर दोघांचा व्होल्टेज एकमेकांवर चढतो आणि बीईसी किंवा रिसीव्हर यांपैकी एक जळतो. जुनी बॅटरी आणि तिचा स्विच पूर्ण काढून टाका.

उलट बाजूचीही चूक होते. मॉन्स्टर ट्रकचा मोठा स्टिअरिंग सर्व्हो अडकला की बराच करंट ओढतो. बीईसी लहान असेल तर व्होल्टेज पडतो आणि चालती गाडी क्षणभर रिसीव्हरविना राहते. फुल थ्रॉटल देऊन वळवताना गाडी झटका देऊन मेल्यासारखी होत असेल, तर आधी इथे बघा. अशा वेळी बाहेरचा बीईसी लावा आणि ईएससीच्या प्लगमधली लाल तार काढून तिला टेप लावून ठेवा.

रेडिओ तसाच ठेवून कॅलिब्रेट करणं

कार्ब्युरेटर आणि ब्रेकचं लिंकेज ताणलं जाऊ नये म्हणून नायट्रोवर थ्रॉटलचा एंड पॉइंट (थ्रॉटल किती टोकापर्यंत जाईल ती रेडिओतली मर्यादा) कमी केलेला असतो. आयडल राखायला ट्रिमही (थ्रॉटलची मधली जागा हलवणारं सेटिंग) सरकवलेलं असतं. त्याच सेटिंगवर ईएससी जोडला की तो अर्धाच थ्रॉटल ओळखतो, किंवा न्यूट्रल न सापडल्यामुळे चालूच होत नाही. आणि माणूस मोटरला कमकुवत म्हणतो. आधी एंड पॉइंट दोन्ही बाजूंना १०० टक्के करा, ट्रिम शून्यावर आणा, एक्स्पोनेन्शियल (ट्रिगरचा प्रतिसाद सौम्य करणारं सेटिंग) काढा, मग कॅलिब्रेट करा, म्हणजे ईएससीला थ्रॉटलची टोकं ओळखायला लावा. फेलसेफही (सिग्नल तुटल्यावर थ्रॉटल कुठे जावा ते) नव्याने साठवा. नायट्रोत तो पूर्ण ब्रेकवर असायचा, आता न्यूट्रलवर हवा.

गाडी उलटी पळते? इंजिनाच्या विरुद्ध तोंडाने मोटर बसली की असं होतं. रेडिओवरचा थ्रॉटल उलटा करून सोडवू नका. मग ईएससी तुमच्या पुढे जाण्यालाच रिव्हर्स समजतो आणि तिथे ताकद कमी मिळते. सेन्सरलेस (रोटरची जागा सांगणारा सेन्सर नसलेली) मोटर असेल तर तीन तारांपैकी कुठल्याही दोन अदलाबदल करा. सेन्सरच्या मोटरला हे कधीही करू नका, तिथे दिशा ईएससीच्या सेटिंगमधून बदलायची असते.

मूळ टी-मॅक्सबरोबर आलेला २७ मेगाहर्ट्झचा रेडिओ अजून वापरत असाल, तर तो निवृत्त करा. मोटरच्या तारांचा गोंधळ त्याला झेपत नाही. २.४ गिगाहर्ट्झ घ्या आणि अँटेना मोटरच्या तारांपासून लांब ठेवा.

बॅटरी आणि वायरी

सॅव्हेजच्या उभ्या ॲल्युमिनियम प्लेटांच्या कडा धारदार असतात. लायपोची पिशवी त्यांवर घासली तर आग लागू शकते. हार्डकेस पॅक, प्लास्टिकचा ट्रे आणि कडांना फोम, या तिन्हीत तडजोड नको. दोन्ही बाजूंना एकेक २-एस ठेवून ती सिरीजमध्ये जोडली की ४-एस होते आणि तोलही राहतो. दोन्ही पॅक एकाच कंपनीचे, एकाच वयाचे घ्या आणि कायम जोडीनेच वापरा.

बॅटरी पोचत नाही म्हणून बॅटरीकडच्या वायरी लांबवणं ही चूक तर फार जणांकडून होते. त्या जितक्या लांब तितका व्होल्टेज उसळतो आणि ईएससीचे कपॅसिटर फुगतात. लांबवायच्याच असतील तर मोटरकडच्या तीन तारा लांबवा. कनेक्टर एक्सटी-९० किंवा ईसी-५ घ्या. त्याला चांगला गरम, निदान ६० वॅटचा सोल्डरिंग आयर्न लागतो. मोबाइल दुरुस्तीच्या बारीक आयर्नने सोल्डर वरवर चिकटतं आणि जोडणी भर ओझ्याखाली सुटते.

लो-व्होल्टेज कटऑफ (बॅटरी ठरावीक व्होल्टवर उतरली की गाडी थांबवणारं सेटिंग) नायट्रोवाल्यांच्या डोक्यात नसतो, कारण टाकी संपली की इंजिन बंद, विषय संपला. लायपो मात्र तशी संपवायची नाही. एका सेलला ३.४ व्होल्टवर कटऑफ लावा. ईएससी सेल आपोआप ओळखत असला तरी आकडा स्वतः निश्चित करा, कारण जवळजवळ रिकामी झालेली ४-एस त्याला ३-एस वाटू शकते.

स्लिपर सैल, डिफ कोरडे

स्लिपर (जास्त झटका आला की घसरणारा क्लच) इतका सैल नको की तो सतत घसरून पॅड जाळेल, आणि इतका घट्टही नको की पूर्ण झटका डिफमध्ये (डिफरन्शियलमध्ये) जाईल. थांबलेली गाडी एकदम सोडली की पहिल्या दीड-दोन फुटांत बारीक सुर्र आवाज आला पाहिजे, मग नाही. ईएससीचा पंच (निघतानाचा झटका किती जोरात असावा ते सेटिंग) सुरुवातीला खालच्या पातळीवर ठेवा. डिफ उघडून ग्रीस बदला, रिंग गिअरमागे शिम (पातळ चकती) घालून ढिलाई काढा. आणि गाडी हवेत असताना थ्रॉटल सोडा. फिरती चाकं जमिनीला टेकली की ड्राइव्हशाफ्ट तुटतात, ब्रशलेसमध्ये तर हमखास.

निघताना झटके खात असेल तर

सेन्सरलेस मोटर अगदी कमी वेगात थोडी अडखळते, तेवढं चालतं. जास्तच अडखळत असेल तर क्रमाने तपासा: तीन तारांपैकी एखादीचं सोल्डर कच्चं आहे का, पिनियन खूप मोठा आहे का, बॅटरी थकली आहे का. मोटर बदलण्याचा विचार यानंतर.

पहिली फेरी

पहिल्या दिवशी पूर्ण बॅटरी संपवू नका. तीन मिनिटं चालवा, थांबा, इन्फ्रारेड थर्मामीटरने मोटर, ईएससी आणि बॅटरी मोजा. मोटर ८० अंशांच्या वर गेली तर पिनियनचा दात कमी करा. त्यापुढे चुंबकं दुबळी पडायला लागतात आणि ती ताकद परत येत नाही. बॅटरी ६० च्या वर जाता कामा नये. आपल्याकडे विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात हवाच ४२-४३ अंश असते, त्यामुळे जानेवारीत बरोबर वाटलेलं गिअरिंग तेव्हा चालत नाही. उंच गवतात गाडी घातली तरी असंच होतं, गवत ओढताना मोटरवर चढण चढण्याएवढं ओझं येतं. उन्हाळ्यात आणि गवतात मी एक-दोन दात लहान पिनियन लावतो, आणि तो बदलायची ॲलन की गाडीच्या पिशवीतच ठेवतो.