कडाक्याच्या थंडीत गावाकडं होणाऱ्या या चुका टाळा

थंडी मी म्हणायला लागली की गावाकडं माणसं दोन कामं करतात. जे उघडं आहे ते बंद करतात आणि जे हाताला लागेल ते पेटवतात. जुन्नर तालुक्यात इतके हिवाळे काढल्यावर माझं मत असं झालंय, की नुकसान थंडीनं होतं त्याहून जास्त या दोन कामांत केलेल्या घाईनं होतं.

मोबाईलवरचे अंश

मोबाईल ‘पुणे ११ अंश’ दाखवतो आणि आपण निर्धास्त झोपतो. बातम्यांमध्ये पुण्याचं म्हणून जे किमान तापमान सांगतात ते बहुतेक वेळा शिवाजीनगरच्या वेधशाळेतलं असतं. तिथं १७ जानेवारी १९३५ ला १.७ अंशांची नोंद झाली होती. आता भोवती सिमेंटचं शहर वाढलंय, रात्री भिंतीच ऊब सोडत राहतात. कुकडीकाठच्या किंवा मीना नदीच्या खोलगट रानातला हिशोब वेगळा. आभाळ स्वच्छ असेल आणि वारा पडलेला असेल, तर जमीन दिवसभराची ऊब रात्री आभाळात सोडून देते. गार झालेली हवा जड असते. ती पाण्यासारखी उताराला लागते आणि ओढ्याकाठी साचते. म्हणून माळावरच्या वस्तीत गोधडीवर भागतं आणि खालच्या मळ्यात दात वाजतात.

शिवाय वेधशाळेतला तापमापक जमिनीपासून साधारण चार फुटांवर, पेटीत सावलीला असतो. उघड्यावरचं पान त्याहून गार होतं. साधा तापमापक आणून काठीला पिकाच्या उंचीवर बांधा आणि पहाटे एकदा बघा. आभाळ भरून आलं की लोक ‘आता थंडी वाढणार’ म्हणतात, होतं मात्र उलटं. ढग पांघरुणाचं काम करतात. द्राक्षवाल्यांना ढगांची भीती वाटते ती रोगामुळं, गारठ्यामुळं नव्हे.

रात्रीची लाईट आणि दारं धरणं

विहिरीवरची मोटार चालवणारी थ्री फेज लाईट रात्रीच्या पाळीत आली की दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, जावंच लागतं. शहरातल्या पाहुण्यांना हे समजावून सांगता सांगता माझी दमछाक होते. ‘सकाळी का नाही जात?’ अहो, सकाळी लाईट कुठंय?

इथली पहिली चूक म्हणजे एकट्यानं जाणं. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर हा सगळा उसाचा पट्टा आहे आणि ऊस म्हणजे बिबट्याचं घर. आमच्याकडं माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्रच आहे, यावरून काय ते समजा. थंडीत ऊसतोड सुरू झाली की त्यांची लपायची जागा कमी होते आणि पिल्लं घेऊन मादी एका फडातून दुसऱ्या फडात जाते. नेमकं तेव्हाच आपण कानटोपी, त्यावर मफलर आणि वर उपरणं असं डोकं बांधून घेतो. पाठीमागं पाचट वाजलं तरी ऐकू येत नाही. दोघांनी जा, कान थोडे मोकळे ठेवा, बॅटरी फिरवत राहा, मोबाईलवर गाणी मोठ्यानं लावा. उसाच्या कडेला वाकून किंवा उकिडवं बसून काम करू नका. वाकलेलं माणूस बिबट्याला लहान जनावरासारखं दिसतं.

दुसरी चूक परत आल्यावरची. गुडघ्यापर्यंत भिजलेला माणूस तसाच शेकोटीला बसतो आणि बधिर पाय जाळाजवळ धरतो. बधिर पायाला चटका कळत नाही, फोड आल्यावर कळतो. आधी ओलं काढा, पाय कोरडे करा, घोंगडी गुंडाळा, शेक मग. आणि ‘जरा घेतली की ऊब येते’ म्हणणाऱ्यांसाठी: दारूनं कातडीकडं रक्त धावतं म्हणून गरम वाटतं, पण तीच ऊब बाहेर निघून जाते आणि अंग आतून गार पडतं. ओल्या हातानं स्टार्टरची पेटी उघडायची नाही, हे वेगळं सांगायला नको. तरी दरवर्षी सांगावं लागतं.

पाणी देण्याचा फायदाही आहे. विहिरीचं पाणी पहाटे हाताला कोमट लागतं, कधी वाफाही दिसतात, कारण जमिनीच्या पोटात थंडी पोचत नाही. थंडीची लाट असेल तेव्हा त्या पाण्याची हलकी पाळी पिकाला सावरते. पण ‘थंडी आहे’ म्हणून गहू-कांद्याचे वाफे तुडुंब भरू नका, मुळं गुदमरतात.

धूर कधी करायचा

गारठ्यापासून राखायला बागेत धूर करायचा तर लोक संध्याकाळी सातला करतात, कारण तेव्हा माणसं जागी असतात. सगळ्यात जास्त गारठा असतो सूर्य उगवायच्या आधी. तोवर तुमची शेकोटी राख झालेली असते. पहाटे तीन-चारला उठायची तयारी असेल तरच हा उद्योग करा, ओलसर काडीकचरा बांधावर ठिकठिकाणी धुमसत ठेवा, आणि वारा असेल तर सोडून द्या. धूर शेजाऱ्याच्या रानात जाईल आणि वर भांडण होईल. टायर, प्लॅस्टिक आणि औषधांच्या बाटल्या जाळू नका. कडब्याच्या गंजीपासून लांब राहा. विझत आलेल्या शेकोटीवर रॉकेल किंवा पेट्रोल ओतणारा एक तरी शहाणा प्रत्येक गावात असतो, त्याला आधीच लांब बसवा.

बंद खोलीतली शेगडी

यावर मी जरा जास्त लिहिणार आहे.

आमच्या घरी बहीण बाळंतपणाला आली होती. डिसेंबरचा महिना. बाळाला वारा लागू नये म्हणून खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबलेल्या, दाराखाली पोतं, आणि बाजेखाली घमेल्यात निखारे. पहाटे बहिणीचं डोकं फुटायला लागलं, दोन उलट्या झाल्या. आई म्हणाली, ‘पित्त झालंय.’ आजी म्हणाली, ‘दृष्ट लागली असंल.’ मिरच्या ओवाळायला दार उघडलं, ते उघडंच राहिलं, आणि अर्ध्या तासात तिला बरं वाटलं. श्रेय मिरच्यांना गेलं. दुसऱ्या रात्री तेच झालं तेव्हा कुठं आमच्या डोक्यात प्रकाश पडला.

निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साईड हा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. धूर दिसत नाही म्हणून निखारे ‘स्वच्छ’ वाटतात, आणि फसगत तिथंच होते. हा वायू रक्तात ऑक्सिजनची जागा घेतो. डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते, आणि गुंगीत माणसाला उठून दार उघडायचंही सुचत नाही. घरातल्या दोघा-तिघांचं डोकं एकाच वेळी दुखायला लागलं तर पित्त समजू नका. सगळ्यांना उघड्यावर आणा, आणि कुणी नीट जागं होत नसेल तर लगेच १०८ ला फोन करा.

ऊब हवी असेल तर झोपण्याआधी खोली शेकून घ्या आणि निखारे अंगणात नेऊन ठेवा. रात्रभर निखारे लागतच असतील असं वाटत असेल, तर खरी गरज आणखी एका वाकळीची आहे. बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरचीही हीच गत, तो बाहेर बसवा. जुना तांब्याचा बंब परड्यात ठेवायची पद्धत उगीच नव्हती.

गोठाही तसाच

माणसांची खोली बंद करतो तसाच आपण गोठा पोत्यांनी चहूबाजूंनी गच्च बांधतो. सकाळी आत गेलं की मुताच्या वासानं डोळे चुरचुरतात. वासरं मग ठसकायला लागतात. वारा अडवायचा तो जनावराच्या पाठीच्या उंचीपर्यंत, वरची वाफ जायला जागा ठेवायची. खाली ओल असेल तर वर पोती बांधून काही उपयोग नाही, भुसा किंवा पाचट टाकून जागा कोरडी करा. जनावर खाली बसत नसेल तर आधी जमीन बघा.

दूध घटलं की पेंड वाढवतात. बऱ्याचदा कारण साधं असतं, हौदातलं पाणी बर्फासारखं गार असल्यानं गाय पोटभर पितच नाही. विहिरीचं ताजं पाणी द्या. रात्रीसाठी गव्हाणीत कडबा जास्त टाका, कारण कोरडी वैरण पोटात आंबताना अंगात ऊब तयार होते. जनावरं धुवायची तर उन्हं वर आल्यावर.

घरात

दही लागत नाही म्हणून विरजण दुप्पट करू नका, आंबट होतं. कोमट दुधात नेहमीएवढंच घाला आणि भांडं तांदळाच्या डब्यात नाहीतर चुलीच्या उबेला ठेवा. बाजरीची भाकरी थापताना कडा फुटतात, पीठ गरम पाण्यात मळा. खोबरेल तेलाची बाटली चुलीशेजारी नको, उन्हात ठेवली की पुरते. गॅस मंद झाला म्हणून सिलेंडरखाली निखारे ठेवण्याचा प्रकार मी डोळ्यांनी पाहिलाय. सिलेंडर बहुतेक वेळा संपत आलेला असतो, बदला. पाणी तापवायचा रॉड चालू असताना बोट बुडवून बघणारे तर घरोघरी आहेत.

धुक्यातला रस्ता

पहाटे डेअरीवर दूध घालायला निघालं की समोर पांढरी भिंत. आपण हेडलाईट वर करतो, धुकं तो उजेड परत आपल्याच डोळ्यांत टाकतं. लाईट खालीच ठेवा. पुढं उसानं भरलेली ट्रॉली असते, तिला मागं ना लाल दिवा, ना रिफ्लेक्टर, आणि उसाची लोंबती टोकं बरोबर मोटारसायकलवाल्याच्या तोंडाच्या उंचीला. ट्रॉली तुमची असेल तर मागं रिफ्लेक्टर लावा, तो फार महाग नसतो. नसेल तर धुकं विरेपर्यंत थांबा. दूध उशिरा पोचलं तर डेअरीवाला चार शब्द बोलेल. बोलू द्या.