वादळांच्या मागावर राहायला जाताना: अमेरिकेच्या मैदानी प्रदेशात नोकरी, घर आणि पाठलाग

टोर्नेडोंच्या पाठलागासाठी अमेरिकेच्या मध्यभागी राहायला जायचं ठरलं की बहुतेक जण सर्वांत जास्त टोर्नेडो कुठे होतात याचा नकाशा उघडतात. त्या नकाशावर मिसिसिपी आणि अलाबामाही गडद दिसतात. पण तिथे दाट झाडी आहे, टेकड्या आहेत, वादळं अनेकदा ताशी ५० ते ६० मैलांनी पळतात आणि बरेच टोर्नेडो रात्री येतात. पाठलागासाठी तो भाग आम्ही कुणालाच सुचवणार नाही. घर निवडताना तीन गोष्टी तपासा: सकाळी निघून दुपारी दोनपर्यंत किती लांब पोचता येतं, तिथल्या रस्त्यांवर वादळाच्या बाजूने चालता येतं का, आणि दुसऱ्या दिवशी कामावर वेळेत हजर होता येतं का.

गाव निवडणं

हंगाम दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकतो. एप्रिलमध्ये टेक्सस आणि ओक्लाहोमा, मेमध्ये ओक्लाहोमा आणि कॅन्सस, जूनमध्ये नेब्रास्का, पूर्व कोलोरॅडो आणि दोन्ही डकोटा. म्हणून पट्ट्याच्या मधलं गाव फायद्याचं.

ओक्लाहोमा सिटी आणि तिच्या दक्षिणेला लागून असलेलं नॉर्मन ही आमची पहिली पसंती. आय-३५, आय-४० आणि आय-४४ हे तिन्ही महामार्ग तिथे मिळतात. विचिटा सुमारे १६० मैल, डॅलस २०५, अमारिलो २६०. नॉर्मनमध्ये वादळांचा राष्ट्रीय अंदाज देणारं स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटर आणि विद्यापीठाचा हवामानशास्त्र विभाग आहे, त्यामुळे जाणत्या लोकांची सोबतही मिळते. विचिटा हा दुसरा उत्तम पर्याय: मे आणि जून दोन्ही हाताशी येतात. डॅलसमध्ये नोकऱ्या भरपूर, पण कामाच्या दिवशी दुपारी शहराबाहेर पडण्यातच तास जातो. तिथे राहायचंच असेल तर शहराच्या वायव्येला घर शोधा. डेन्वरला जूनमधले दिवस चांगले मिळतात, पण एप्रिल-मेमधली दक्षिणेकडची वादळं हातची जातात.

रस्त्यांचं जाळं डोळ्यांखालून घाला. पश्चिम ओक्लाहोमा आणि कॅन्ससमध्ये दर मैलाला रस्ता आहे, चौकटीच्या वहीसारखा. पण त्यातले बरेच कच्चे आहेत, आणि ओक्लाहोमाची लाल चिकणमाती भिजली की चारही चाकांना जोर असलेली गाडीसुद्धा खड्ड्यात सरकते. नेब्रास्कातल्या सँडहिल्समध्ये डांबरी रस्ते फार कमी आहेत. रेड आणि कॅनेडियन नद्यांवर पूल लांब लांब आहेत, ते पाठ हवेत. वादळ नदी सहज ओलांडतं आणि तुम्ही अलीकडेच अडकता. टोलच्या रस्त्यांवर बाहेर पडायच्या वाटा दूर दूर असतात, त्यामुळे वादळ जवळ असताना त्यावर चढू नका.

नोकरी आणि रजा

हवामान खात्यातली किंवा टीव्हीवरची नोकरी पाठलागाला पूरक असेल असं वाटतं. प्रत्यक्षात ज्या दिवशी वादळं येतात त्याच दिवशी या लोकांना कार्यालयात बसावं लागतं. शिवाय राष्ट्रीय हवामान सेवेच्या नोकरीला अमेरिकी नागरिकत्व लागतं. पाठलागाला खरी उपयोगी नोकरी ती, जिथे वेळ हलवता येते.

नियुक्तिपत्रावर सही करण्यापूर्वी बोला. सलग दोन आठवड्यांची रजा मागण्यापेक्षा २० एप्रिल ते १५ जून या काळात एक दिवस आधी सांगून एकेका दिवसाची रजा घेण्याची मुभा मागा. चांगले दिवस आधी कळत नाहीत, आणि ठरवून घेतलेले दोन आठवडे कोरडे गेल्याची उदाहरणं पुष्कळ आहेत. पहाटे ५ ते दुपारी १ ही पाळी सोन्याची. घरून काम असेल तर टीम कुठल्या टाइम झोनमध्ये आहे ते बघा. न्यूयॉर्कचे ८ ते ४ म्हणजे तुमचे ७ ते ३. कॅलिफोर्नियाचे ९ ते ५ म्हणजे तुमचे ११ ते ७, आणि त्यात संपूर्ण पाठलाग बुडतो.

एच-१बी व्हिसावर (कंपनीमार्फत मिळणारा नोकरीचा व्हिसा) असाल तर कामाचं ठिकाण दुसऱ्या महानगर क्षेत्रात हलवण्यापूर्वी कंपनीने सुधारित अर्ज भरावा लागतो. घरून काम असलं तर घर हेच कामाचं ठिकाण. पत्ता बदलल्यापासून १० दिवसांच्या आत एआर-११ हा पत्ताबदलाचा फॉर्म भरायचा. या व्हिसावर वादळ-सहलीचा पगारी चालक किंवा मार्गदर्शक होता येत नाही. चित्रण विकायचं असेल तर आधी इमिग्रेशन वकिलाला विचारा. टेक्ससमध्ये गेलात तर गाडीची नोंदणी ३० दिवसांत आणि वाहन परवाना ९० दिवसांत बदलायचा असतो. इतर राज्यांच्या मुदती वेगळ्या आहेत.

घर आणि विमा

पहिलं वर्ष भाड्याने राहा आणि करार मेमध्ये संपणार नाही याची काळजी घ्या. झाकलेलं पार्किंग हवंच, कारण गारा घरी असतानाही पडतात. ओक्लाहोमात तळघरं कमी आहेत, म्हणून टोर्नेडोपासून बचावाची खोली किंवा जमिनीखालचा निवारा आहे का ते घर बघतानाच विचारा. तुम्ही दीडशे मैलांवर असताना घरच्यांच्या डोक्यावर वादळ येऊ शकतं. तेव्हा कुणी कुठे जायचं हे पहिल्याच आठवड्यात ठरवून एकदा करून बघा. ओक्लाहोमा सिटीत शनिवारी दुपारी १२ ला भोंग्यांची चाचणी होते, नव्या माणसाची त्याने धांदल उडते.

गाडीच्या विम्यात गारांचं नुकसान ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’ भागात येतं, तो भाग घ्यायलाच हवा. घराच्या विम्यात वारा आणि गारा यांच्यासाठी स्वतःच्या खिशातून भरायची रक्कम अनेकदा घराच्या विमामूल्याच्या टक्केवारीत असते: ३,००,००० डॉलरच्या घराला २ टक्के म्हणजे ६,००० डॉलर. पाठलागातून पैसे मिळवणार असाल तर ते विमा कंपनीला सांगा, कारण खासगी विम्यात व्यावसायिक वापर बहुधा वगळलेला असतो.

गाडी आणि सामान

साधी, भरवशाची गाडी पुरते. टायरची नक्षी किमान ४/३२ इंच खोल, वायपर नवे, स्टेपनी पूर्ण आकाराची. पुढची काच दोन थरांची असल्याने गारांनी तडकते पण जागेवर राहते. बाजूच्या आणि मागच्या काचा एका फटक्यात चुरा होऊन आत येतात. म्हणून प्रत्येकासाठी हेल्मेट, डोळ्यांसाठी चष्मा आणि एक जाड चादर गाडीत असू द्या.

दोन वेगळ्या कंपन्यांचे फोन, आधीच उतरवून घेतलेले नकाशे, राज्याचा कागदी नकाशा, १६२.४०० ते १६२.५५० मेगाहर्ट्झवरचा हवामान रेडिओ, रक्तस्राव थांबवायचा पट्टा असलेली प्रथमोपचार पेटी. टाकी अर्ध्याखाली जाऊ द्यायची नाही. हौशी रेडिओचा टेक्निशियन परवाना घेतलात तर फायदाच: ३५ प्रश्न, २६ बरोबर हवेत. पहिल्या हंगामाआधी राष्ट्रीय हवामान सेवेचं स्कायवॉर्न हे वादळ-निरीक्षकांसाठीचं प्रशिक्षण करा, ते मोफत असतं.

पाठलागाचा दिवस

चार ते आठ दिवस आधीचे अंदाज फक्त कार्यालयात कल्पना देण्यापुरते वापरा. रजा आदल्या संध्याकाळी पक्की करायची. उन्हाळी वेळेनुसार स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटरचा त्या दिवसाचा अंदाज मध्यरात्रीनंतर १, सकाळी ८, ११:३०, दुपारी ३ आणि रात्री ८ ला निघतो. पाच पायऱ्या आहेत: मार्जिनल, स्लाइट, एन्हान्स्ड, मॉडरेट, हाय. वरची पायरी म्हणजे चांगला दिवस हे समीकरण सोडून द्या. हायच्या दिवशी वादळं फार वेगाने पळू शकतात आणि रस्ते गर्दीने तुंबतात. स्लाइटच्या दिवशी एकटं, संथ सुपरसेल (स्वतःभोवती फिरणारं, दीर्घकाळ टिकणारं वादळ) मिळतं, तेच बघण्याजोगं.

सकाळी सातच्या सुमारास हवामान फुग्यांची निरीक्षणं येतात. त्यात हे शोधा: दवबिंदू किमान ६० अंश फॅरनहाइट, ६५ असेल तर उत्तम (पूर्व कोलोरॅडोत उंचीमुळे ५० ते ५५ सुद्धा चालतो), केप (हवा वर उसळायला उपलब्ध असलेली ऊर्जा) १,५०० जूल प्रतिकिलोच्या वर, जमिनीपासून ६ किमीपर्यंत वाऱ्यातला फरक ४० नॉट, पहिल्या १ किमीतली हेलिसिटी (वाऱ्यातल्या पिळाचं माप) १५० च्या वर, ढगाचा तळ १,००० मीटरच्या खाली. सगळे आकडे एकाच जागी, एकाच तासाला जुळायला हवेत. केप एका जिल्ह्यात आणि वारा दुसऱ्या जिल्ह्यात, असे दिवस फसवतात.

दिवस वाया जाण्याची तीन नेहमीची कारणं. पहिलं, वरचा उबदार थर, ज्याला कॅप म्हणतात. ढोबळ नियम असा की ७०० मिलिबारच्या पातळीवर (सुमारे ३ किमी उंचीवर) तापमान १२ अंश सेल्सिअसच्या वर असेल तर ढग वाढायला झगडतात आणि संध्याकाळ निळ्या आकाशाखाली जाते. दुसरं, सकाळचा पाऊस: तो गार हवा पसरून ठेवतो. मात्र त्या गार हवेची कडा दुपारी तापली तर तिथे वाऱ्याला जास्त पीळ मिळतो. उपग्रहाच्या चित्रात ही कडा नेमकी शोधणं हे सरावाचं काम आहे आणि त्यावर घालवलेला वेळ फुकट जात नाही. तिसरं, वरचा वारा दोन वेगळ्या हवांमधल्या सीमारेषेला समांतर असणं. मग सुटी वादळं पटकन एकमेकांत मिसळून लांब रांग होते.

दुपारी दोनपर्यंत ड्रायलाइनच्या (पश्चिमेची कोरडी आणि पूर्वेची दमट हवा यांची सीमा) थोडं पूर्वेला, चारही दिशांना डांबरी रस्ते असलेल्या गावी पोचा. पेट्रोल भरा, खाऊन घ्या आणि थांबा. दर तासाला नव्याने चालणारं एचआरआरआर हे हवामान अंदाजाचं ३ किमी जाळीचं संगणकी प्रारूप बघा, पण त्यातल्या एका वादळाच्या मागे जिल्हा बदलू नका. ओळीने तीन-चार वेळा तेच दिसलं तर विश्वास ठेवा. ओक्लाहोमात मेझोनेट या राज्यव्यापी हवामान-जाळ्याची १०० हून अधिक केंद्रं दर ५ मिनिटांनी जमिनीलगतचे आकडे देतात. वारा आग्नेयेकडून येऊ लागला आणि दवबिंदू चढला, तर जागा बरोबर आहे. पहिला ढग फुटला की बहुतेक जण धावतात. ओळीतल्या सर्वांत दक्षिणेकडच्या वादळाला दमट हवा विनाअडथळा मिळते, त्यामुळे निवड करायची वेळ आली तर तेच धरा.

वादळासमोर

सुपरसेल बहुधा ईशान्येकडे किंवा पूर्वेकडे जातं. तुमची जागा आग्नेयेला, तोंड वायव्येकडे, गाडी निघायच्या दिशेने उभी, चावी लावलेली. नवख्याने वादळाच्या पावसाविरहित तळापासून (ढगाचा पाऊस न पडणारा खालचा भाग, जिथे टोर्नेडो तयार होतो) ३ ते ५ मैल राखावेत. थांबण्याआधी सुटकेचा रस्ता ठरवा: दक्षिणेकडे जाणारा, डांबरी, पूल किंवा रेल्वे फाटक नसलेला. असा रस्ता नसेल तर तिथे थांबायचं नाही, दृश्य कितीही चांगलं असो.

टोर्नेडो क्षितिजावरच्या खांबाच्या किंवा झाडाच्या तुलनेत डावीउजवीकडे सरकत नसेल आणि मोठा होत असेल, तर तो तुमच्याकडे येतो आहे. वादळ उजवीकडे वळून संथ झालं तर फिरणं बळावतं आहे असं समजा आणि अंतर वाढवा. पाऊस आणि गारांच्या भिंतीतून पलीकडे जाण्याचा मोह टाळा. वळसा घाला, दहा मिनिटं जास्त गेली तरी चालतील.

रडारवर आंधळा विश्वास ठेवू नका. चित्र ५ मिनिटं जुनं असू शकतं आणि ताशी ४० मैलांनी जाणारं वादळ तेवढ्यात तीन मैलांहून जास्त पुढे गेलेलं असतं. रडारपासून १०० किमीवर त्याची सर्वांत खालची किरणशलाकासुद्धा जमिनीपासून सुमारे दीड किमी वर असते, म्हणजे जमिनीलगत काय चाललंय ते तिला दिसतच नाही.

३१ मे २०१३ ला एल रीनोजवळचा टोर्नेडो २.६ मैल रुंद झाला, आधी आग्नेयेकडे जाता जाता ईशान्येकडे वळला आणि त्याने वेग घेतला. पावसात गुरफटलेला असल्याने त्याची कडा ओळखू येत नव्हती. टिम समरास, त्यांचा मुलगा पॉल आणि कार्ल यंग हे अत्यंत अनुभवी संशोधक त्यात गेले. पावसात लपलेल्या टोर्नेडोच्या जवळ राहण्याचं कुठलंही तंत्र नाही. तो दिसेनासा झाला की लगेच दक्षिणेकडे निघा. उड्डाणपुलाखाली आसरा घेऊ नका: तिथे वारा वाढतो आणि उडणारे तुकडे आत येतात. ३ मे १९९९ ला ओक्लाहोमात पुलांखाली माणसं मेली आहेत.

विजेचा विचार फार थोडे जण करतात. कडकडाट ऐकू येत असताना तिपाईशेजारी उभं राहण्यापेक्षा गाडीत बसून काचेतून चित्रण करा. आणि चालकाने फक्त गाडी चालवायची. रडार शेजारचा बघेल. २८ मार्च २०१७ ला टेक्ससमधल्या स्पर गावाजवळ चौकात दोन गाड्यांची धडक झाली आणि तीन चेसर मेले, ‘स्टॉप’ची पाटी ओलांडली गेली म्हणून. एकटे असाल तर गाडी कडेला पूर्ण थांबवूनच फोन उचला.

अंधार पडल्यावर

सूर्य मावळला की पाठलाग संपवा. वाटेत पडझड झालेलं गाव लागलं तर कॅमेरा ठेवून ९११ ला कळवा, रुग्णवाहिकेची वाट मोकळी ठेवा, लोंबत्या तारांपासून लांब राहा आणि गॅसचा वास येत असेल तिथे इंजिन चालू करू नका. हवामान कार्यालयाला वेळ, ठिकाण आणि दिशा सांगा. गारा मोजपट्टीने मोजून कळवा. त्या भागातून बाहेर आल्यावर टायरमधले खिळे तपासा.

परतीचा रस्ता ओला आणि डोळे थकलेले असतात. एप्रिल २०२२ मध्ये ओक्लाहोमा विद्यापीठाचे हवामानशास्त्राचे तीन विद्यार्थी पाठलागावरून परतताना आय-३५ वर गाडी घसरून मेले. पावसात क्रूझ कंट्रोल बंद ठेवा, वेग १० ते १५ मैलांनी कमी करा, आणि रस्त्यावरचं पाणी किती खोल आहे ते दिसत नसेल तर वळा. ३० सेंटीमीटर वाहतं पाणी लहान गाडी उचलतं. घर २०० मैलांहून लांब असेल तर मुक्काम करा. खोली दुपारीच राखून ठेवा, संध्याकाळपर्यंत रद्द करता येईल अशा अटीवर, कारण मोठ्या दिवशी रात्री आठनंतर लहान गावांतल्या खोल्या मिळत नाहीत.